मानेखालची ऊब

आमच्या कापूरहोळला मुक्कामाला म्हणून कोणी येत नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा हमरस्ता गावाला घासून जातो. इथून एक फाटा पश्चिमेला भोरकडे वळतो आणि दुसरा पूर्वेला नारायणपुरावरून सासवडला. त्यामुळे येणारा प्रत्येक जण इथे उतरतो तो पुढे जाण्यासाठीच. बशीत ओतून चहा प्यायचा, भोर किती लांब, बालाजीचे देऊळ किती लांब हे विचारायचे आणि निघायचे. मी मात्र या फाट्याच्या गावीच जन्मलो. इथूनच शाळेत गेलो, पस्तीस वर्षे तालुक्यातल्या शाळांत मुलांना शास्त्र शिकवले आणि निवृत्त होऊन इथेच परत आलो.

दिवाळी जवळ आली की पहाटे पुरंदरच्या बाजूने गार वारा सुटतो. घरातली तरुण मंडळी उटणे लावून बाहेर अंगणात उभी असतात आणि मी मात्र मफलर गुंडाळून बसतो. पंचाहत्तरीत थंडी माणसाला कुठे प्रथम गाठते याविषयी प्रत्येकाचे मत निराळे असते. कोणी म्हणतो गुडघ्यात, कोणी म्हणतो कानात. मला ती गाठते मानेखाली, दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये. आणि तिथे गार लागले की मला हटकून माझ्या आजीचा हात आठवतो.

आजी लेकराच्या कपाळाला हात लावून कधी पाहत नसे. कोणाचेही तान्हे मूल मांडीवर आले की ती कुंचीच्या मागून हात आत सरकवी आणि मानेखाली क्षणभर ठेवी. "कपाळ वाऱ्यानं गार हुतं," ती म्हणे, "तितं ऊब आसली म्हंजी प्वार ठीक." तिच्या हाताला शेणीच्या राखेचा आणि वेखंडाचा वास असे. पुढे मी शास्त्राचा मास्तर झालो. तापमापक असताना हात कशाला लावायचा, असे वर्गात मोठ्या ऐटीने सांगू लागलो. तेव्हा उदाहरण म्हणून मी आजीच्या याच सवयीचे नाव घेत असे. मुले हसत. आज त्या हसण्याची मला लाज वाटते. पण आजीचा हात अगदी बरोबर होता असेही मला म्हणता येत नाही. त्याचीच ही गोष्ट आहे.

पानशेतचे धरण फुटले ते १९६१ च्या जुलैत. त्याच्या आधीच्या पौषात मी दहा वर्षांचा होतो. आमचे घर तीन खणांचे. माजघराला लागून एक अंधारी खोली होती, तीच बाळंतिणीची खोली. वडील मुंबईला गिरणीत होते. भोर-वेल्ह्याकडच्या किती घरांतले पुरुष तेव्हा मुंबईतच असत! आईला सातव्या महिन्यात रात्री पोटात दुखू लागले. गाडीवाटेने कुठे नेण्याआधीच सुईणीला बोलवावे लागले आणि उजाडायच्या आत मला भाऊ झाला.

तो एवढासा होता की आजीच्या दोन ओंजळींत मावावा. सुईणीने रीतीप्रमाणे त्याला लगेच ऊन पाण्याने आंघोळ घातली. मग आजीने त्याला पिंजलेल्या कापसात ठेवले, वर मऊ लुगड्याचे दुपटे गुंडाळले आणि बाजेशेजारी शेगडी ठेवली. तो रडे तो मांजराच्या पिलासारखा. आईच्या अंगाला ओढायची शक्ती त्याच्यात नव्हती. बोळ्याने थेंब थेंब दूध पाजावे लागे. मी दाराच्या फटीतून पाहत असे. एक गोष्ट मला तेव्हाच नवलाची वाटली होती. मी सदऱ्यावर सदरा घालूनही कुडकुडत होतो, आणि दुपटे बदलताना उघडा पडलेला तो मात्र मुळीच कापत नसे. "आजी, याला थंडी वाजत न्हाई?" असे मी विचारल्याचे मला पक्के आठवते. आजी म्हणाली, "देवानं त्याच्या पाठीत शेगडी ठिवलीया."

पाचव्या दिवशी पाचवी झाली. पाटा-वरवंटा पुजला, कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, तेव्हा तिच्या येण्याच्या वेळी घर निजलेले असू नये म्हणून आळीतल्या बायका रात्रभर जागल्या. घर माणसांनी भरलेले, दिवे लावलेले, शेगडी लाल. मला वाटते, त्या पोराला आयुष्यात लाभलेली ती सर्वांत उबदार रात्र असावी.

सहाव्या रात्री सगळेच थकलेले. आजीच्या डोळ्याला सहा दिवसांत डोळा नव्हता. तिने मला शेगडीपाशी बसवले. "दोन-दोन शेण्या सरकवत ऱ्हा. कोंबडं आरवलं की मला उठव." निजण्याआधी तिने कुंचीमागून हात घातला, मानेखाली ठेवला आणि म्हणाली, "ऊब हाय. झ्वाप लागलीया त्याला." मग तिथेच घोंगडीवर ती कलंडली.

मी शेण्या सरकवल्या. निखारे मोजले. पाढे म्हटले. सोळाच्या पाढ्यापर्यंत गेल्याचे आठवते.

डोळे उघडले तेव्हा शेगडीत पांढरी राख होती आणि आजी पाठमोरी उभी होती. तिच्या हातात दुपटे होते. ती वळली नाही. एवढेच म्हणाली, "निजलास व्हय रं?"

त्यानंतर या विषयावर घरात कोणी मला एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुंबईहून वडील आले. त्यांनी मला मांडीवर घेतले आणि डोक्यावरून हात फिरवला. आई तर त्या दिवसापासून माझ्यावर अधिकच माया करू लागली. मारले असते तर बरे झाले असते. "निजलास व्हय रं?" हे तीन शब्द मी नोकरीत, प्रवासात, स्वतःच्या मुलांच्या आजारपणात साठ-बासष्ट वर्षे बरोबर वागवले. रात्री मुलांच्या उशाशी बसायचे असले की मी बायकोला बसू देत नसे. ती बिचारी त्याला माझे प्रेम समजत आली.

गेल्या पौषात माझ्या मुलाला मुलगी झाली. बत्तिसाव्या आठवड्यात, पुण्याच्या एका इस्पितळात. वजन दीड किलो. मी काचेबाहेर उभा राहून पाहिले आणि माझे पाय गळाले; तीच मूठ, तेच मांजराच्या पिलासारखे रडणे. बालरोगतज्ज्ञ म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या येत, हात धुऊन बाळाच्या पोटाला आणि मग तळपायांना हात लावत. दुसऱ्या दिवशी माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी म्हणालो, "आमच्याकडे मानेखाली बघतात." त्या हसून म्हणाल्या, "आजोबा, मान फसवते."

त्यांना काय ठाऊक की आपण एका म्हाताऱ्याला कुठे हात घातला! त्यांना फुरसत होती तेवढे त्यांनी सांगितले. उरलेले मी पुढच्या काही महिन्यांत पुस्तके मागवून, मुलाकडून लेख छापून घेऊन वाचले. पस्तीस वर्षे शास्त्र शिकवलेल्या माणसाला या वयात पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

आजीने म्हटलेली शेगडी खरोखरच असते. तिला तपकिरी मेद म्हणतात. आपल्याला ठाऊक असलेली चरबी पांढरी. तिच्या प्रत्येक पेशीत चरबीचा एकच मोठा थेंब असतो. ती पेशी म्हणजे कणगीच, नुसती साठवण. तपकिरी मेदाच्या पेशीत मात्र अनेक बारीक थेंब असतात आणि त्यांच्यामध्ये तंतुकणिकांची दाटी असते. या तंतुकणिकांतल्या लोहयुक्त प्रथिनांमुळे आणि भोवतालच्या दाट रक्तवाहिन्यांमुळे तिला तपकिरी रंग येतो. नवजात बाळाच्या शरीरात ती दोन फऱ्यांच्या मध्ये, मानेभोवती, काखेत, मूत्रपिंडांभोवती आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने असते. थंड रक्त जिथून जायचे तिथेच ते तापवून पुढे धाडायचे, अशी ही योजना.

ही शेगडी तापते कशी, हे सांगायला मला आमचे भाटघरचे धरण उपयोगी पडते. वेळवंडी नदीवरचे ते दगडी धरण १९२८ साली पुरे झाले आणि पुढे तिथे वीजघरही झाले. धरणात पाणी चढते. ते चाकांवरून सोडले की वीज होते. पण तेच पाणी सांडव्याच्या दरवाजातून सोडले तर वीज होत नाही. साऱ्या जोराचा नुसता धुरळा आणि गर्जना होते. शरीरातल्या प्रत्येक पेशीत अन्न जाळून असेच एक धरण भरले जाते आणि त्याच्या जोरावर एटीपी नावाचे कामाचे चलन पाडले जाते. तपकिरी मेदाच्या तंतुकणिकांत मात्र 'यूसीपी-१' नावाचे प्रथिन हा सांडव्याचा दरवाजा असतो. तो उघडला की चलन पडत नाही. सगळी शक्ती उष्णता होऊन बाहेर येते. एरवी ज्याला नासाडी म्हणावे, तेच इथे काम.

दरवाजा उघडण्याचा हुकूम येतो कातडीवरून. पोटात बाळाला गारवा ठाऊकच नसतो, आणि मेंढीच्या गर्भावर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले आहे की नाळ तुटेपर्यंत वारेतून येणारी काही द्रव्ये ही आग दाबूनच ठेवतात. बाळ ओल्या अंगाने बाहेरच्या हवेत येते, नाळ बांधली जाते, कातडीला थंडी झोंबते, मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलीन पाझरते आणि दरवाजे उघडतात. म्हणूनच नवजात मूल कुडकुडत नाही. त्याच्या स्नायूंना ती विद्या अजून नीट आलेली नसते. दहा वर्षांच्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

आणि मान का फसवते, तेही मला कळले. न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवले की नवजात बाळ गार हवेत असले की त्याची इतर कातडी निवत जाते, पण मानेकडची कातडी ऊबदारच राहते. कारण शेगडी तिथेच पेटलेली असते. म्हणजे मान गरम लागली तर मूल सुखात आहे असे नव्हे. कदाचित ते थंडीशी झुंजत असेल आणि आपण त्या झुंजीलाच ऊब समजत असू. म्हणून आता पोट आणि तळपाय पाहतात. पोट ऊबदार आणि पाय गार म्हणजे बाळाची शिदोरी जळते आहे. दोन्ही गार म्हणजे धोका.

शिदोरी हा शब्द मी मुद्दाम वापरला. ही चरबी गर्भात सहाव्या-सातव्या महिन्यापासून जमू लागते आणि शेवटच्या महिन्यांत वाढते. जो सातव्यातच घराबाहेर पडला, त्याच्या पदरात दोन घासही पुरते बांधलेले नसतात. त्यात अंग लहान. बशीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तसे लहान अंग लवकर निवते. बाहेरून ऊब आणि पोटात दूध मिळाले नाही तर असलेले इंधन थोड्याच दिवसांत संपते.

दुधावरून मला आमच्या गावच्या एका बाईची आठवण होते. १६५७ च्या मे महिन्यात पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी, अंगावर दूध नाही. तेव्हा या कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरची धाराऊ गडावर गेली आणि तिने त्या बाळाला आपले दूध पाजले. पुढे दोन वर्षांनी सईबाई गेल्या. इतिहासात लढाया मोठ्या अक्षरांत लिहितात. पण एका बाळाची शिदोरी संपण्याआधी कोणीतरी आपल्या अंगची ऊब आणि दूध दिले, तेव्हा कुठे पुढचा इतिहास झाला. धाराऊचे नाव मी लहानपणी गावचा मान म्हणून ऐकत होतो; आता ते वेगळ्याच अर्थाने मनात येते.

जन्मानंतर या तपकिरी मेदाचे काय होते, हा भाग मला सर्वांत मनोरंजक वाटला. प्रत्येक प्राण्याची तऱ्हा निराळी. दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडचे धनगर कोकणच्या वाटेला लागतात आणि आमच्याकडे शेतांत खतासाठी मेंढ्या बसवतात. अशाच एका रात्री मी कोकरू जन्मताना पाहिले आहे. धनगराने ते घोंगडीने खसाखसा पुसले, आईच्या सडाला लावले आणि थोड्या वेळात ते धडपडत उभे राहिले. अशा जन्मतःच चालत्या-फिरत्या पिलांत तपकिरी मेद जन्माच्या वेळी सर्वांत जास्त असतो. मग महिनाभरातच त्याचा रंग पालटत जातो. 'यूसीपी-१' नाहीसे होते, बारीक थेंबांच्या जागी एकच मोठा थेंब होतो आणि शेगडीची कणगी बनते. खाटकाच्या दुकानात गुर्द्याभोवतीची ती घट्ट पांढरी चरबी सर्वांनी पाहिली असेल. जन्मलेल्या कोकराची तीच चरबी तपकिरी असते. करडाचेही तसेच.

उंदराची पिले उघडी, आंधळी, एकमेकांना चिकटून बिळात पडलेली. त्यांचा तपकिरी मेद जन्मानंतरच्या दिवसांत उलट वाढतो आणि उंदराला तो जन्मभर पुरतो. हॅमस्टर नावाच्या प्राण्याची तर कमाल आहे. त्याच्या पिलांत जन्मताना ही शेगडी चालूच नसते, दोन आठवड्यांच्या सुमारास ती पेटते. तोवर घरट्याची ऊब तीच त्यांची ऊब. आणि डुकराच्या वंशात तर 'यूसीपी-१' चे जनुक फार पूर्वीच मोडून गेले आहे. म्हणून डुकरीण वीण होण्याआधी पाला-गवत गोळा करून जागा करते आणि पिले जन्मल्यापासून कुडकुडतात, एकावर एक पडून राहतात. निसर्गाने ज्याला शेगडी दिली नाही त्याला भावंडे दिली.

माणसाचे मूल या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी येते. जन्मल्यावर काही आठवडे ही चरबी टिकते, काही वाढतेही. मग मूल मोठे होते, अंग भरते, कुडकुडायला शिकते, आणि फऱ्यांमधली शेगडी बालपणातच विझत जाते. मोठ्या माणसांत ती नसतेच, असे बरीच वर्षे धरून चालत. पण २००९ साली अमेरिका, नेदरलंड्स आणि फिनलंड येथील संशोधकांनी एकाच सुमारास दाखवले की अनेक प्रौढांच्या गळ्याच्या हाडांपाशी ती थोडीबहुत शिल्लक असते आणि गारव्याने जागी होते. वयाबरोबर तीही मावळते. तेव्हा मफलरवाल्या म्हाताऱ्यांना हसू नये; त्यांची शेगडी विझलेली असते.

आणखी एक गोष्ट वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. २००८ साली बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवले की मानेखालच्या या पेशी पांढऱ्या चरबीच्या कुळातल्या नव्हतच. त्या स्नायूंच्या कुळातल्या आहेत. ज्या मूळ पेशीतून पुढे हात-पाय हलवणारा स्नायू होतो, तिच्यातूनच ही शेगडीही होते. म्हणजे ते सहा दिवसांचे पोर निपचित पडलेले दिसे तेव्हा निपचित नव्हते. मी शेतात राबावे तसे ते राबत होते. फक्त बाहेर दिसत नव्हते.

आता मुद्द्याची गोष्ट. या वाचनाने मी सुटलो का?

वकील असतो तर सुटलो म्हटले असते. या चरबीचे वर्णन तसे जुनेच. कोनराड गेस्नर या स्विस पंडिताने १५५१ सालीच मार्मोट या हिवाळाभर झोपणाऱ्या प्राण्यात ती पाहिली होती. पण तिचे काम काय, याचा पत्ता चारशे वर्षे नव्हता. आमच्या घरात ती शेगडी विझली तेव्हा जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही नवजात बाळाची ऊब कुठून येते हे नेमके ठाऊक नव्हते. मायकेल डॉकिन्स आणि डेव्हिड हल यांनी ऑक्सफर्डमध्ये सशाच्या नवजात पिलांवर प्रयोग करून ते दाखवले १९६४ साली, तीन वर्षांनंतर. सुईणीने जन्मतः आंघोळ घातली त्यात तिची माया होती. आज सांगतात की बाळ आधी कोरडे करा, आईच्या उघड्या छातीशी ठेवा, आंघोळ निदान एक दिवस थांबवा. तिला हे कोण सांगणार होते? सातव्या महिन्याचे मूल, पदरात शिदोरी नाही, पौषातली रात्र. दहा वर्षांच्या पोराने चार शेण्या सरकवल्या असत्या तरी काय होणार होते?

पण त्याच सिल्व्हरमन यांनी १९५८ साली दाखवून दिले होते की अपुऱ्या दिवसांची मुले थोड्या अधिक उबेत ठेवली तर त्यांतली अधिक जगतात. थोड्याशा उबेने फरक पडतो. चार शेण्यांनीही पडला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. शास्त्र मला शिक्षाही देत नाही आणि सोडतही नाही. एवढे वाचून हाती आले ते एवढेच. पण ते अगदीच थोडे नाही. कारण ते वाचता वाचताच मला दुसरी एक गोष्ट आठवली, जी साठ वर्षे डोळ्यांसमोर असून मी पाहिली नव्हती.

१९६४ साली माझी धाकटी बहीण जन्मली. पुऱ्या दिवसांची, चांगली गुटगुटीत. आजीने तिला मांडीवर घेतले, कुंचीमागून हात सरकवून मान पाहिली. आणि मग दुपटे उलगडून तिने दोन्ही तळपाय आपल्या मुठींत धरले. कितीतरी वेळ. रात्रीतून उठून उठून ती ते पाय चाचपी. त्यानंतर ती कोणाचेही मूल घेऊ दे, मानेनंतर पाय पाहिल्यावाचून राहत नसे. मला वाटे, म्हातारपणी सवयी वाढतात.

ती सवय कुठून आली होती हे मला आता कळले. त्या पहाटे तिच्या हाती ते दुपटे आले तेव्हा आधी पायच हाताला लागले असतील. सहाव्या रात्री मान पाहून "ऊब हाय" म्हणणारी तीच होती, आणि ते म्हणून निजलीही तीच होती. "निजलास व्हय रं?" असे ती मला म्हणाली खरी, पण पाठमोरी होती, माझ्याकडे वळलीच नव्हती. ते शब्द तिने कोणाला उद्देशून उच्चारले होते, हे मला आता नक्की सांगता येत नाही. ऑक्सफर्डमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये जे त्या वर्षी छापून आले, त्यातला आपल्या वाट्याचा धडा माझी निरक्षर आजी तीन वर्षे आधी शिकली होती. फक्त तिने त्याची किंमत मोजली होती, आणि ती कोणाला सांगितली नव्हती. एका घरात दोन माणसे एकच ओझे दोन टोकांनी उचलून वर्षानुवर्षे चालत राहिली आणि एकमेकांना दिसली नाहीत. ती १९७९ साली गेली. विचारायला आता कोणी नाही.

नातीचे काय झाले ते सांगायचे राहिले. डॉक्टरीणबाईंनी एक दिवस मला सदरा काढायला सांगितला. मी दचकलो. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एदगार रेय यांनी अपुऱ्या दिवसांची मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच ही कांगारूची रीत. आई थकली तर बापाने, बाप थकला तर आजोबाने बाळ छातीशी घ्यायचे. आपल्या इकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ मध्ये ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. खेड्यातल्याच बायांना शिकवले, बाळांसाठी उबदार पिशव्या दिल्या, दूध पाजणे आणि आजार ओळखणे शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्या यशात उबेचा वाटा एकटीचा नव्हता, हे खरे. पण शेगडीपाशी कोणीतरी शहाणे माणूस जागे असले म्हणजे काय होते, त्याचा तो हिशेब आहे.

महिन्याभराने नात कापूरहोळला आली. पौष सरून माघ लागला होता, पण रात्री अजून गार होत्या. सून आणि मुलगा थकून गेलेले. पहिल्या रात्री मीच म्हटले, "तुम्ही निजा. मी बसतो." उशांना टेकून बसलो, सदरा काढला, पोरीला टोपडे घालून छातीशी घेतले आणि वरून घोंगडी ओढली. तिचे वजन ते काय! छातीवर एखादे ऊन ऊन पान पडावे तसे. मान चाचपली, ऊबदार होती. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. दोन्ही तळपाय मुठीत धरले. तेही हळूहळू ऊबदार झाले.

फाट्यावरून साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज रात्रभर येत होता. मी पाढे म्हणायला लागलो. सोळाचा झाला, सतराचा झाला, एकोणतिसाचा अडखळत का होईना झाला. तिसाचा तर सोपाच.

कोंबडे आरवले तेव्हा मी जागा होतो.